राखेवरची पुसलेली पावलं

मी, वय ब्याऐंशी, धंद्याने शिंपीण आणि सवयीने वक्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन वाद घालावा. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर भाच्याला.

२. पुस्तकांची चार कपाटं कामगार वाचनालयाला. समासातल्या माझ्या शिव्या कोणी खोडू नयेत.

३. शेडमधलं विमान. त्याचा सांगाडा माझ्या सुतार नवऱ्याने घडवला, पंखांचं कापड मी शिवलं, चालवलं माझ्या भावाने. उड्डाणाच्या सकाळी मी मैदानावर राख चाळून पसरली होती, चाकं कुठे सुटतात ते दिसावं म्हणून. चाकांच्या रेघा तुटल्या आणि एकवीस पावलांच्या अंतरावर पुन्हा उमटल्या. पण तुटल्या तिथपर्यंत शेजारी पावलंही होती. नवरा पंखाचं टोक तोलत धावला होता.

"पूस ती," भाऊ म्हणाला. "पंच येताहेत. म्हणतील, ढकललं."

"पूस गं," नवरा हसला. "उडालं ना? मग झालं तर."

मी झाडू फिरवला.

पुढे पलीकडच्या शहरातला घड्याळजी "आधी मीच उडालो" म्हणत राहिला आणि चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून त्याची सालटी काढली. दाखला राखेचा दिला. पावलांबद्दल ब्र काढला नाही. भावाचा पुतळा झाला. नवरा गेला तेव्हा वर्तमानपत्राने "वैमानिकाचे मेहुणे" एवढंच छापलं.

म्हणून विमान संग्रहालयाला एकाच अटीवर द्यावं. पाटीवर पावलांची खरी हकीकत आणि सुताराचं पूर्ण नाव हवं, भावाच्या नावाएवढ्याच अक्षरांत. पहिलेपणाचा मान त्यापायी गेला तर जावो. अट नामंजूर असेल तर विमान सुतारशाळेला द्यावं. तिथे निदान सांधे कोणी जुळवले, हे विचारतील.

भाचा काल कडाडला, "आत्या, बाबांच्या पुतळ्याखालचा 'पहिला' शब्द खरवडायला लावशील!"

"लावीन. हत्यार नसेल तर तुझ्या आतोबांची पटाशी घे."

४. ती पटाशी आणि रंधा त्यालाच. तो माझ्यावर रुसला तरी घर त्याचंच राहील. धाक घालून मला कोणाकडून खरं वदवायचं नाही.

५. माझी राख त्या मैदानावर पसरावी. वरून कोणीही चालावं. झाडू नये.

साक्षीला डॉक्टर आहेत आणि मुद्दाम बोलावलेली घड्याळजीची नात. वाचून ती म्हणाली, "आजी, आमच्या आजोबांच्या विमानाबरोबरही कुणीतरी धावलं होतं म्हणे."

"मग बसलीस काय? नाव शोध त्याचं."

ती शोधणार आहे. तसं तिने सहीखाली लिहून दिलं आहे.

लिहून देणार: सुताराची बायको (सही)
साक्षीदार: डॉक्टर (सही), घड्याळजीची नात (सही)
ठिकाण: शिवणाची खोली. तारीख: नऊ मार्च, सकाळ.