वारा फिरतो तेव्हा

माय, तुला वाचता येत नव्हतं, आणि मला येतं हे तुला कधी कळलं नाही. तू गेल्यावर विहाराच्या कपाटातली पुस्तकं घेऊन मी अक्षर अक्षर लावत शिकले. त्यांत तुझ्या सवयीला मोठी नावं आहेत. सजगता, भान. तू नुसती थांबायचीस. चुलीसाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या ओढायच्या आधी ढिगावर काठी आपटायचीस आणि दमभर उभी राहायचीस. शेजारीण हसायची, "हिचा सैपाक व्हतपर्यंत आमचे भांडे घासून व्हतात." एकदा मी बोलता बोलता तसाच हात घातला. तू मनगटावर चापट मारलीस. "डोये उघडे अन् ध्यान गावभर!" मी फणकारले, "निंगाला का साप?" तू म्हणालीस, "नाई निंगाला, म्हनून तं भेव वाटते. उद्या पुन्हा तसाच हात घालशीन."

ते कळायला मला नवरा जावा लागला. त्या वर्षी कपाशी डोक्यावर गेली होती. दोन औषधं एकाच पंपात मिसळून तो फवारायला शिरला, खांद्याशी फोन दाबून, भैंसा गावच्या बाजारातल्या कापसाच्या भावाचं बोलत. शिरताना वारा पाठीमागून होता. मग फिरला. मी बांधावरून हाका मारल्या, पण कानाला फोन. इतक्या वर्षांत काही झालं नाही, एवढ्याच भरवशावर तो चालत राहिला. संध्याकाळी त्याला ताटातली भाकर दिसेना. आदिलाबादला दवाखान्यात पोचलो तोवर बोलणं गेलं होतं.

आज तुझा नातू तसंच औषध कालवतो आहे. पैनगंगेकडून वारा सुटलाय, मध्येच पडतो, मध्येच उलटतो. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.

"लेकरा, जरा थांब. वारा पडू दे."

"माय, तुह्यं झालं सुरू! अळी काय वाऱ्याची वाट पाहून राह्यली?"

"तोंडाले फडकं तरी बांध."

"जीव गुदमरते त्यानं."

"तुह्या बापानंबी हेच म्हटलं व्हतं."

तो रागावला नाही. "बाबाचं नशीब व्हतं," म्हणाला, आणि पंपाचं झाकण फिरवून आत शिरला.

पुस्तकं वाचताना वाटतं, भान शिकवता येतं. तुझी चापट मला लागली, तरी ती कळायला किती वर्षं गेली. माझं बोलणं तर त्याला लागतही नाही. आता बांधावर बसून हे लिहिते आहे. कपाशीत त्याचं डोकं मध्येच दिसतं, मध्येच नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून लिहायला सोपा जातो.

हाक आली, "पानी आन वं माय, दुसरा पंप भरतो."

पाणी नेऊन द्यायचं नाही, म्हणजे तरी तो थांबेल, असं सकाळी मनाशी ठरवलं होतं. उठते आता. कळशी मी मघाशीच भरून ठेवली आहे.