कपाटाचे स्पीकर

ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क
६ जून १९७८

प्रिय लिओनी हिस,
अ. आ. वि. वि.

तुझ्या पायाची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. मीठ कमी कर म्हणून मी वर्षभर सांगतेय.

इकडे मला स्वतःच्या घरात आंघोळ मिळत नाही. टबमध्ये क्लाइडच्या रेकॉर्डी भिजत असतात. बागेत वाजवताना दुसऱ्या गटाच्या पोरांनी डोकावलं तरी गाणं कळू नये, म्हणून हा मधले नावाचे कागद सोलून काढतो. शाळेत नन्सनी आपल्याला रुमालावरसुद्धा नाव घालायला शिकवलं; माझा नातू नावं धुतो. बरं, गाणंही पुरतं वाजवत नाही. सगळे वादक थांबून नुसता ढोल घुमतो, तेवढाच तुकडा दोन सारख्या रेकॉर्डींवर आलटूनपालटून फिरवतो आणि त्याचा मित्र मॉरिस त्यावर तालात यमकं बोलतो.

तुझा नातू ऑल्डविन हार्लेममध्ये तेच करतो, म्हणून तो शत्रू. त्यानं परवा क्लाइडला निरोप पाठवला, की तुझे ते स्पीकर आहेत की शवपेट्या. महिनाअखेरच्या शनिवारी दोघांचा सामना आहे. गर्दी ज्याच्यासाठी कमी ओरडेल, त्यानं आपले स्पीकर तिथेच सोडून घरी जायचं. क्लाइडचे स्पीकर माझ्या अ‍ॅन्सेल्मच्या महोगनीच्या कपाटाचे आहेत. नवरा गेल्यावर ते कपाट मी फक्त या पोराला फोडू दिलं. ते हार्लेमला जाता कामा नये.

सामन्यासाठी त्यानं अ‍ॅन्सेल्मच्या जुन्या पेटीतून एक रेकॉर्ड शोधली, तिची जोडही कुठूनशी पैदा केली. नाव फक्त मला आणि मॉरिसला माहीत आहे. शपथ घातली आहे.

पुढच्या रविवारी मिस्सा झाली की जेवायला ये. कलालू करते, आईसारखी पातळ पालेभाजी.

तुझ्या पायाला आणि जिभेला विश्रांती मिळो.

तुझी,
अर्नेस्टीन


हार्लेम
२६ जून १९७८

प्रिय ताई हिस,
स. न. वि. वि.

तू रागावली असशील. क्लाइडनं तो तुकडा काढायच्या आतच ऑल्डविननं तोच वाजवला आणि बाग नाचायला लागली. मागून क्लाइडनं लावला तर पोरं म्हणाली, घरी जाऊन स्वतःचं काही शोध.

ताई, मी काही चोरलं नाही. त्या रविवारी तुझ्या ओट्याशी कलालू ढवळत होते, तेव्हा आतल्या खोलीतून ढोल ऐकू आला. पोर्ट ऑफ स्पेनला कार्निव्हलमध्ये चपला हातात घेऊन आपण दोघी ज्या बँडमागे चाललो, तोच. कागद धुऊन माझ्या कानातलं कसं जाणार? घरी येऊन ऑल्डविनला नाव सांगितलं. ब्रुकलिनला आपल्या त्रिनिदादी माणसाच्या दुकानात त्याला दोन रेकॉर्डी मिळाल्या.

हो, सामन्याचं मला माहीत होतं. पण क्लाइडला द्यायला तुझ्याकडे आजोबांचं कपाट होतं. ऑल्डविनला द्यायला माझ्याकडे एवढंच होतं.

राग निवला की दोन ओळी टाक. वाट पाहते.

तुझी धाकटी,
लिओनी


ब्रॉन्क्स
१५ सप्टेंबर १९७८

लिओनी हिस,
न. वि. वि.

तुझी सगळी पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण नन्सनी शिकवलेल्या भाषेत ते लिहिता येत नव्हतं.

तुझं पत्र यायच्या आत इथलं होऊन गेलं होतं. नाव माहीत असणारा बाहेरचा एकटा मॉरिस. क्लाइडनं त्याला सामन्याच्या संध्याकाळीच, सगळ्या बागेसमोर, हार्लेमचा कुत्रा म्हटलं. पत्र आल्यावर मी क्लाइडला खरं सांगितलं, की ते नाव माझ्या ओट्याशी उभ्या असलेल्या तुझ्या लिओनी आजीनं नेलं. तो धावत मॉरिसकडे गेला. मॉरिसनं दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि म्हणाला की तुझी आजी भली आहे, तिनं सांगितलं म्हणून तू आलास. तेच मी सांगितलं असतं तर तू आला नसतास.

आता मॉरिस ऑल्डविनच्या गटात यमकं बोलतो. माझ्या अ‍ॅन्सेल्मच्या कपाटातून.

ऑल्डविन स्पीकर परत द्यायला तयार आहे असं तू लिहितेस. क्लाइड म्हणतो, गर्दीसमोर गेलेली वस्तू आजीच्या पाठीमागे लपून परत घेत नाहीत. तो आता बाजारात पोती उतरवतो. मॉरिसचं नाव घरात निघत नाही.

नाताळला येऊ का म्हणून विचारलंस. ये. माझी बहीण आहेस, पान वाढीन. तू उठून जाईपर्यंत या घरात गाणं मात्र लागणार नाही.

लोभ आहे. तो वाढवावा अशी विनंती यावेळी करत नाही.

अर्नेस्टीन