गोंदिया पसंत पडलंच पाहिजे

२ फेब्रुवारी, रविवार

बालाघाटच्या स्थळाचाही नकार आला. कारण उघड आहे : गोंदिया. पोरींना पुणे पाहिजे, निदान नागपूर तरी. माझ्यात खोट काय? कॉलेजात भूगोल शिकवतो, स्वतःचं घर, केस समोरून तरी शाबूत. आजवरच्या सगळ्या नकारांचा शांतपणे विचार केला. प्रत्येक वेळी गावच आडवं आलं. आई म्हणाली, "पोरीच्या बापानं असं कुठं म्हटलं?" तोंडावर कोण म्हणतं! आईला सायकॉलॉजी कळत नाही.

३ फेब्रुवारी

नवीन स्थळ. टीना रहांगडाले, नागपूर. फिजिओथेरपिस्ट. फोटो चांगला. आईला फोनवर स्पष्टच म्हणाली, "मावशी, गोंदिया म्हणजे गाडी थांबते तेवढंच मला माहीत. तिथं राहू शकेन असं वाटत नाही."

बघा! मी काय म्हणत होतो!

रविवारी मामासोबत येते आहे. चहापोहे कॅन्सल. मी स्वतः शहर दाखवणार. चांगला गाईड मिळाला की माणसाची नजरच बदलते. हे स्थळ गेलं तर समाजाच्या वधू-वर मेळाव्यात स्टेजवर उभं राहणं आलं. मागच्या साली श्यामलाल उभा राहिला आणि माइकवरच रडला.

५ फेब्रुवारी

भाषण तयार. जिल्ह्याची निर्मिती, पर्जन्यमान, मातीचे प्रकार, धानाच्या जाती, तलाव, रेल्वे. मधे मधे जोक. मित्र भोजराज गाडी देणार आणि चालवणार. त्याला सगळं ऐकवलं. म्हणाला, "पोरगी पाहून राहिला का तिचा पेपर घेऊन राहिला बे?"

जळतो. त्याचं लग्न वेळेवर झालं, त्याला काय कळणार.

७ फेब्रुवारी

गच्चीवर फुल व्हॉल्यूममध्ये रिहर्सल. आवाजात वजन पाहिजे. शेजारच्या वच्छलाकाकूंनी खालून विचारलं, इलेक्शन आहे का.

८ फेब्रुवारी

घसा बसला. हळद-दूध, गुळण्या, मुलेठी. उद्यापर्यंत सुटेलच. नाही सुटला तर? असा विचारच करायचा नाही.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी

केला. डॉक्टरकडे पळालो. डॉक्टर म्हणतात, एक शब्दही बोलू नका. नागपूरला कळवून तारीख पुढे ढकलावी का? नको. ढकललेली तारीख परत येत नाही, माझा अनुभव आहे.

९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी

आवाज शून्य, पण हिंमत सोडली नाही. सगळं मोबाइलवर टाइप करून दाखवायचं ठरवलं. आई म्हणाली, "मुका गाईड कुठं असते काय? मी येऊन राहिली." गाडीत ती टीनाशेजारी मधल्या सीटवर बसली, मामा आणि मी त्यांच्या मागे.

आधी तलाव. सारस दिसला की अर्धं काम होईल असा प्लॅन होता. काठावर पांढरे पक्षी होते. मी 'सारस' टाइप केलं. मामा म्हणाले, बगळे आहेत. मग नागऱ्याचं शिवमंदिर. मी पर्जन्यमान टाइप करत होतो, वर पाहिलं तर टीना आणि आई पायरीवर एका म्हाताऱ्या बाईजवळ बसलेल्या. बाईंना उठता येत नव्हतं. टीनानं आधी कुठं हात टेकायचा, वजन कसं टाकायचं ते दाखवलं. बाई उठल्या. मी पर्जन्यमान दाखवलं. टीना "हो का" म्हणाली.

बाजारात तर आईनं घातच केला. दर दोन दुकानांवर गाडी थांबवायची. ही आपली अमकी, हिच्या हाताचे वडे खाऊन पाहा. हा तमका, धानाचे पोते उचलून उचलून याची कंबर गेली. पोरी, तुझी सकाळी गाडी किती वाजता होती? भूक लागली का? तुझी माय आता कशी आहे? टीना हसून राहिली होती, एकदा डोळेही पुसले. मिरच्या भाजत असाव्यात. तांदूळवाल्यानं खांदा पुढे केला, चहावालीनं पाय. माझं रेल्वेचं अख्खं प्रकरण तसंच राहिलं.

जाताना टीना म्हणाली, "हे शहर असं असेल असं वाटलंच नव्हतं." माझ्याकडे पाहूनच म्हणाली असावी. आई माझ्या मागे उभी होती.

काम फत्ते!

१० फेब्रुवारी

आवाज थोडा आला. भोजराजला लग्नाच्या लॉनचं विचारून ठेव म्हटलं. तो गाडी पुसत राहिला.

१२ फेब्रुवारी

फोन आला. टीनाला गोंदिया पसंत आहे. इथल्या एका दवाखान्यात जॉइन होते आहे, म्हणते इथं कामही आहे आणि माणसंही. मी नाही पसंत.

दोनदा विचारून खात्री केली. गाव पसंत, मी नाही.

आईला कारण विचारलं. तिनं आधी ताट वाढलं. मग म्हणाली, "टीना म्हणे, दिवसभरात त्यानं मले एक गोष्ट विचारली नाही."

अरे, पण माझा घसा बसला होता!

आई म्हणाली, "टाइप तं करून राहिला होता ना."

जेवण गेलं नाही. बालाघाटची पोर काय शिकली होती, आठवून पाहिलं. आठवेना. तिच्या आधीचीचं तर नावही नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

टीना भाड्याची खोली पाहायला आली. सोबत जायचं ठरवलं. आता इथंच राहणार म्हणजे अजून चान्स आहे. आज फक्त प्रश्न विचारायचे असं ठरवून गेलो. पहिला विचारला : गोंदियाच काऊन निवडलं? ती सांगू लागली. वडे, पायरीवरची बाई, सुंदरमावशी, म्हणजे आमची आई. मधे एकदाही मी आलो नाही. तिला वाईट वाटू नये म्हणून हसत होतो. दुसरा प्रश्न सुचला नाही.

खोली पसंत पडली. घरमालकीण माझ्याकडे बोट करून म्हणाली, "और ये कौन?" टीना म्हणाली, "सुंदरमावशींचा मुलगा." घरमालकिणीचा चेहरा एकदम खुलला. आईला ओळखत होती.

घरमालकिणीनं दिलेली गादी मी वर नेऊन ठेवली.

घरी आलो. आई अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती, एका हातानं. जवळ गेलो आणि विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत?

ती थांबली. म्हणाली, "गुडघे नाही रे. खांदा."

कोणता, हे विचारायला पाहिजे होतं. तोपर्यंत ती कपडे घेऊन आत गेली.