दुखण्याला सातच्या वर नाही

६ जाने., मंगळवार

धुकं. बेगडेवाडी स्टेशनात थांबलेली लोकल नुसती ऐकू आली. सुनंदा सिस्टर आली, दर मंगळवारची. दारातूनच जयभीम. मग खाटेजवळ बसून कागदावरचं एकेक विचारते : दुखणं, मळमळ, धाप, भूक, झोप, मनाची उदासी. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून वाईट नाही. दुखणं पाच सांगितलं. मळमळ दोन. उदासी... थंडीत थोडी असतेच. एक. गोळी होती तीच ठेवली.

८ जाने.

कॅन्सर पाठीच्या हाडात उतरल्यापासून कूस बदलायची तर सौ.ला हाक मारावी लागते. आज हाक मारायच्या आधीच आली. उशी लावली, गेली.

पडल्या पडल्या चौथीतली पाखरांची कविता म्हटली, चारही कडवी. वर्गाच्या खिडकीतून लोहगड दिसायचा. तिसरं कडवं मी नेहमी तिकडे बघून म्हणायचो. पुढे देहूरोडला डेपोत खोकी मोजतानाही हीच. साहेब म्हणायचा, काय पुटपुटतोस.

१३ जाने., मंगळवार

आज सौ. मध्येच बोलली. "पाच कसलं, सिस्टर? कूस वळताना माझं मनगाट काळंनिळं करत्यात."

सिस्टरने पेन थांबवलं. आबा, आठ न्हाई का होत? मी सांगितलं, कविता म्हणायला गुरुजी दहापैकी सातच्या वर कुणाला देत नसत. सात एकदाच दिले, मला. सगळा वर्ग वळून बघत होता. आता या पाठीला आठ द्यायचे म्हणजे...

सिस्टर हसायची थांबेना. "आबा, दुखण्याला काय बक्षीस द्यायचंय व्हय?" मग डॉक्टरांना फोन. तुमचं पाच म्हंजे आमचं आठ, म्हणाली. मॉर्फिन वाढवलं. पोट साफ व्हायचं औषध चुकवू नका, हे सौ.ला दोनदा.

१६ जाने.

दुखणं लांब गेलंय. आहे, पण शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं. कूस स्वतःची स्वतः वळलो. सौ. दारात उभी राहून बघत होती. हाताला काम नसल्यासारखी.

दिवसभर डुलक्या. ऊन पायावरून भिंतीवर गेलं, कळलं नाही. कविता सुरू केली. दोन कडवी आली. तिसरं नाही. खिडकी दिसते, गड दिसतो, शब्द नाहीत.

१८ जाने.

काल संध्याकाळची गोळी घेतली नाही. उशीखाली ठेवली.

आज सकाळी तिसरं कडवं आलं, अख्खं. पाठही आली.

२० जाने., मंगळवार

चादर बदलताना गोळ्या सापडल्या. एकीच्या तीन झाल्या होत्या. सौ.ने बशीत काढून ठेवल्या. चहा टाकला. मग गॅसकडे तोंड करूनच म्हणाली, "ती पाखरांची मलाबी पाठ हाय. लगीन झाल्यापासनं ऐकतीया. अडलं की मी सांगन."

आणि तिसरं कडवं म्हटलं. चाल नाही, थांबणं नाही, किराणा सांगावा तसं. दोन शब्द चुकली. गुरुजींनी चार दिले असते. मी किती दिले असते, लिहीत नाही.

सिस्टर आल्या आल्या सौ.ने बशी पुढे केली. सिस्टर रागावली नाही. नव्या डोसाची गुंगी काही दिवसांत उतरते पुष्कळदा, म्हणाली. न्हाई उतरली तर डॉक्टरांस्नी सांगून बदलू. "पण आबा, आकडा खरा द्या. खोट्या आकड्यावर मी काय देऊ?"

आता ती मोरीत हात धुतेय. कागद खाटेवर. पाठ पेटलीय. तिसरं कडवं या घटकेला तरी जिभेवर आहे.

सौ.ने गॅस बंद केला. मी सांगेन तो आकडा ऐकू यावा म्हणून.

सिस्टर हात पुसत आली.