मुद्दाम नापास

१४ नोव्हेंबर

थेरियोचे दोन दात घशात घातले! माझा एकच हलतोय.

आइस हॉकीचा सामना सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, समोरच्या संघातलं हे पोरगं घसरत शेजारी आलं. "वॉली, देतोस का एक लढत? घरची माणसं बघायला आलीत." रीतसर विचारलं, म्हणून दिली. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा आमचा धर्म. हातमोजे फेकले, डाव्या हाताने त्याची जर्सी आवळली, उजवा सुरू. हाण, हाण, हाण! लोक खुर्च्यांवर चढले. पंच बाजूला उभे – एकजण आडवा होईपर्यंत ते मध्ये पडत नाहीत. मग बर्फावरचं रक्त फावड्याने खरवडलं आणि खेळ पुढे चालू.

तेरा वर्षं, नऊ गावं, हेच काम. गोल करायला मला कोणी ठेवलेलं नाही. वरच्या लीगमध्ये अजून एकही सामना नशिबात आलेला नाही. एक! जास्त मागतच नाही मी.

१५ नोव्हेंबर

जबडा उघडेना. लोर्नाने बटाटा भरलेल्या उकडलेल्या पिरोगी कुस्करून भरवल्या. म्हणाली, "कुत्र्याला तरी बरं, स्वतःच्या तोंडाने खातो." बायको आहे की कोण!

३ डिसेंबर

एका हरामखोराने मागून येऊन माझं डोकं काचेवर आपटलं. न विचारता! डोळ्यांपुढे काजवे चमकले. उठलो, त्याला गाठला, हेल्मेट उपटून काढलं आणि गुडघ्यावर येईपर्यंत ठोकला. नाक फुटल्याचा आवाज मलाच आला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग बाकावर जाऊन बसलो – त्यांच्या! ती पोरं म्हणतात कशी, "या पाहुणे, टेका. कॉफी घेणार?" मीही हसलो.

४ डिसेंबर

आमची मलमपट्टी करणाऱ्या स्टॅनने संगणकापुढे बसवलं. शब्द दाखवतात, मग कोणते होते ते विचारतात. रंग दिसला की बटण दाबा. डोक्याला मार बसला की ही परीक्षा. मोसमाआधी सप्टेंबरातही हीच घेतात; निकाल तेव्हापेक्षा घसरला की घरी बसायचं. म्हणून सप्टेंबरात आम्ही सगळेच मुद्दाम नापास होतो! शब्द आठवत असले तरी चुकीचे सांगायचे, बटण उशिरा दाबायचं.

स्टॅन म्हणाला, "सप्टेंबरात जेवढा ढ होतास, तेवढाच आज आहेस. जा, खेळ."

पास!

२१ जानेवारी

लोर्नाशी कडाक्याचं भांडण. सकाळी तिच्या बहिणीचा फोन येऊन गेला म्हणे, मीच घेतला म्हणे. मला काही ठाऊक नाही. "वॉली, तुझी ती परीक्षा स्टॅनला फसवते, मला नाही. तू माझ्यासमोर विझत चाललायस." मी ओरडलो. भिंतीत ठोसा घातला, आरपार. तिने कॅलेंडर आणून भोकावर टांगलं आणि कामावर गेली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

९ फेब्रुवारी

नाक परत मोडलं. चौथ्यांदा की पाचव्यांदा, लोर्नाला विचारलं पाहिजे.

२ मार्च

कोच बर्नीने खोलीत बोलावलं. वाटलं, हाकलतोय. म्हणाला, "दार लाव. वरून फोन होता. त्यांच्या मारकुट्याचा हात मोडलाय. शनिवारी तू."

वरच्या लीगमध्ये! मी! रडलो, च्यायला, भोकाड पसरून रडलो. बर्नी खिडकीबाहेर बघत राहिला. आईला फोन केला तर ती युक्रेनियनमध्ये देवाचे आभारच मानत बसली, माझं ऐकेचना.

लोर्ना म्हणाली, "जा. एक सामना खेळ आणि मग बास. माझी शपथ घे." घेतली. मनापासून.

निघताना बर्नीने दंड धरला. "एक लक्षात ठेव. त्यांचे डॉक्टर परीक्षा नव्याने घेतात. तिथे आपली लबाडी नको. निकाल फारच खाली आला तर बर्फावर पाय ठेवू देत नाहीत. या वेळी खरी दे."

हात्तिच्या, एवढंच ना!

५ मार्च

माझं नाव लिहिलेली जर्सी खुंटीवर टांगलेली. स्पेलिंगसुद्धा बरोबर! दोनदा हात फिरवला. कोणी बघत नव्हतं.

६ मार्च

परीक्षा दिली. जीव तोडून दिली, एक शब्द सोडला नाही. घाम फुटला.

डॉक्टरीणबाईंनी निकाल पाहिला आणि हसल्या. "इतका खाली? कळलं हं मला! खालून येणारे तुम्ही सगळे हेच करता. आता नाटक पुरे. पाणी प्या आणि खरी द्या."

पाणी प्यायलो.

खरीच दिली होती मी.