जकार्ताच्या संघाचे बारा फेटे

काष्टी, ता. श्रीगोंदा
३० जानेवारी १९७२

ती. स्व. शामकांतमामा यांस,

यज्ञेश्वराचा साष्टांग नमस्कार. तुमचं कार्ड पावलं. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून हायसं वाटलं. तुमचा खोकला मात्र तसाच असणार, कारण तुम्ही काढा बेसिनमध्ये ओतता हे मामींनी मला वेगळं कळवलं आहे. इकडे मी खुशाल आहे. खुशाल कसला, मामा, मी हवेत आहे! गेले चार दिवस घास गोड लागत नाही, आणि वर्गात पोरांना ‘सावधान’ म्हणायच्या ऐवजी ‘सर्व्हिस’ म्हणतो. तुम्ही म्हणाल, पोरगं पुन्हा कुणाच्या तरी प्रेमात पडलं. नाही हो. झालंय ते त्याहून मोठं आहे. चष्मा पुसून घ्या आणि नीट बसून वाचा.

आमच्या शाळेला मैदान नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. (शाळेला छप्परही अर्धंच आहे, पण ड्रिल मास्तरने छपराची काळजी करायची नसते.) आमची व्हॉलीबॉलची पोरं खेळतात ती शाळेमागच्या पडीक तुकड्यात. तो तुकडा भिमाजीबाबांचा. म्हणजे सातबारा त्यांच्या नावावर, पण त्यांना काहीही विचारा, मान न हलवता म्हणतात, “तिला इचारा.” ती म्हणजे छबूबाई, त्यांची मंडळी. साठीच्या पुढच्या, नाकात नथ, आणि आवाज असा की बाजारातले बैल वळून बघतात. त्यांचा मुलगा आबासाहेब. वाईट माणूस नाही, पण त्याच्या डोक्यात कालव्याचं पाणी शिरलंय. जानेवारी सरला की त्या तुकड्यात नांगर घालायचा आणि ऊस लावायचा, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. वर म्हणाला, मास्तर, चेंडूला काय, कुटंबी उडतोय. मामा, चाळीस पोरं रोज संध्याकाळी तिथे जिवाच्या आकांताने खेळतात. खांब पोरांनी उभे केलेत, नेट मी काथ्याचं विणलंय. (बोटं अजून सोललेली आहेत.)

मग मला वाटलं, या लोकांना व्हॉलीबॉल म्हणजे काय चीज आहे हेच माहीत नाही. ते सांगावं. माझी ती कात्रणांची वही तुम्ही पाहिली आहे. रद्दीवाल्याच्या पाया पडून जमवलेली, आणि जिला तुम्ही ‘वाण्याची पुडी’ म्हणता ती. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर हेडमास्तरांनी मला भाषणाला पंधरा मिनिटं दिली. मी सव्वा तास बोललो. ते दोनदा खोकले, एकदा त्यांनी उगाच घंटा वाजवली, शेवटी खुर्ची घेऊन सावलीत जाऊन बसले. पण गाव हललं नाही, मामा! विषय होता भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाचा इतिहास. बावन्न साली आपली पोरं मॉस्कोला गेली आणि जगात आठवी आली, इथून सुरुवात केली. (तिथली थंडी मी पदरची घातली. कात्रणात थंडी नाही.) मग अठ्ठावन्न साली टोकियो, आशियाई खेळ, ब्राँझपदक. इथे टाळ्या पडल्या. मग आवाज चढवून बासष्ट सालचं जकार्ता घेतलं. पहिला जपान, दुसरे आपण, रौप्यपदक! आणि तिसरा कोण, तर पाकिस्तान, असं म्हटल्याबरोबर जो काही कल्ला झाला, तो विचारू नका. लढाई संपून दीड महिना झालेला, लोक अजून तापलेलेच होते. मागच्या रांगेत कुणीतरी टोपी उडवली, ती झेंड्याच्या दोरीला जाऊन अडकली.

आणि मग ते झालं. भिमाजीबाबा उठून उभे राहिले. जे लग्नातसुद्धा बोलले नसतील असं गाव म्हणतं, ते भिमाजीबाबा बोलले. “मास्तर, धा वर्सं झाली आन् तुमी आमाला आत्ता सांगताय व्हय?” मी इतिहास सांगत होतो हो, आणि गावाने तो बातमी म्हणून ऐकला! आपण जिंकलो आणि काष्टीला कुणी कळवलंच नाही, यावर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू तार मीच खिशात दडवून ठेवली होती. तेवढ्यात छबूबाई पुढे आल्या. म्हणाल्या, “ते ऱ्हाऊ द्या. ती पोरं दुसऱ्या मुलखातून घरी आली, तवा येशीवर त्यांला कुनी ओवाळलं का न्हाई?” मामा, माझ्या वहीत गुण आहेत, तारखा आहेत, कोण कितवा आला ते आहे. परतल्यावर त्यांना कुणी ओवाळलं का, हे एकाही कात्रणात नाही. मी तसं खरं ते सांगितलं, ‘बाई, मला माहीत नाही.’ एवढं सगळं मी पाठ केलं आणि हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही.

माझ्या ‘माहीत नाही’चा अर्थ गावाने ‘नाही’ असाच लावला. इथे पहिलवान कुस्ती मारून आला, तरी वेशीवर ओवाळल्याशिवाय घरात घेत नाहीत. मान द्यायचा राहिला तर गावाला दोष लागतो, असं मानतात. छबूबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की त्या पोरांचा मान गावावर राहिलेला आहे, आणि तो पोचेपर्यंत त्यांच्या खेळाच्या रानात नांगर जाणार नाही. आबासाहेब म्हणाला, “आन् मान पोचल्यावर गं आई?” तर म्हणाल्या, “मग तुझं तू बघ.” पण पुढचं ऐकायला मी शुद्धीवर होतो कुठे! मैदान वाचलं, मामा! पोरांनी मला खांद्यावर घेतलं, आणि उतरवताना नेटवर टाकलं. नेट तुटलं. तुटू दे! पुन्हा विणीन!

तेव्हापासून गावात दुसरा विषय नाही. खेळाडू किती, म्हणून विचारलं. मी बारा म्हणालो. (नक्की किती गेले होते ते बघायला हवं, पण गर्दीत ‘बघून सांगतो’ म्हणणाऱ्या मास्तरला कोण विचारतं?) काल बाजारात बारा फेटे घेतले, गुलाबी, आणि बारा नारळ. छबूबाईंनी ओवाळणीचं ताट घासून ठेवलंय. भिमाजीबाबा, ज्यांना आता बोलायची चटक लागली आहे, ते येणाऱ्या-जाणाऱ्याला जकार्ताची फायनल सांगतात. त्यांच्या सांगण्यात आपण जवळजवळ जिंकतोच, आणि पंच फितूर निघतो. मी दुरुस्त करत नाही. एकूण काय, तुमच्या भाच्याने एक भाषण काय दिलं आणि गाव पालटलं. आईला हे पत्र वाचून दाखवा. ती मला अजून ‘उड्या मारायचा पगार घेतो’ म्हणते.

मामींना नमस्कार. काढा पीत जा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
यज्ञेश्वर

ता. क. एक छोटंसं काम आहे. तुम्ही टपालात तीस वर्षं काढलीत, अख्ख्या पुण्याचे पत्ते तुम्हाला तोंडपाठ. तर जकार्ताच्या संघातला एखादा गडी पुण्यात राहतो का, एवढं बघा. एक जरी मिळाला तरी छबूबाई म्हणतात, बाराही फेटे त्याच्या हातात देऊ, तो पोचवील. आणि मामा, मलाही त्याचा हात एकदा हातात घेऊन बघायचाय. ज्या हाताने जपानला स्मॅश मारला असेल तो हात! काहीही करा, पण शोधाच.

ता. क. २. वरच्या कामासाठी आम्ही येत्या रविवारी निघतोय. एकतीस जण. काळजी नको, ट्रक आबासाहेबाचा आहे, तो फुकट नेतोय, डिझेलही त्याचंच. (माणूस बदलतो, मामा. मी त्याला उगाच नावं ठेवली.) फक्त उतरायला तुमच्या दोन खोल्या लागतील. पिठलं-भाकरी बायका बरोबर आणणार आहेत, मामींना तोशीस नाही, नुसतं पाणी आणि शक्य झाल्यास गॅलरी. छबूबाईंच्या पुढ्यात ‘काढा’ हा शब्द काढू नका, त्यांच्याकडे स्वतःचा आहे.

ता. क. ३. पाकीट डकवायला घेतलं आणि खिडकीतून पाहिलं, तर आबासाहेब ट्रक धूत होता. गाणं म्हणत. मी म्हटलं, एवढी घाई कसली? म्हणाला, “मास्तर, मान लौकर पोचू द्या. उसाचं बेनं सांगून ठिवलंय, सोमवारी नांगर.” मामा, माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला! मान पोचला की मैदान गेलं! आणि मी गाढव, तुम्हाला वर ‘शोधाच’ म्हणून लिहून बसलोय! पत्र फाडून पुन्हा लिहायला वेळ नाही, टपाल निघायची वेळ झाली. तर आता नीट ऐका. शोधा. छबूबाईंच्या देखत पेठापेठांतून शोधा, घाम येईपर्यंत शोधा, पण सापडू देऊ नका. मला लाज वाटते हो. त्या बारा जणांची मी इथूनच हात जोडून माफी मागतो. पण दहा वर्षं ते बिनफेट्याचे राहिले, तर ही चाळीस पोरं मोठी होईपर्यंत आणखी थोडं राहतील, खेळाडू आहेत, समजून घेतील. आणि चुकून त्यांतला एखादा तुमच्या शेजारीच राहत असला, तर रविवारी त्याला मामींच्या माहेरी जेवायला पाठवा, आणि सोमवारीही तिथेच ठेवून घ्या.