दमियानाचा पत्ता

२ फेब्रुवारी
आम्ही ऑदेतला माती देऊन आलो. माझी धाकटी बहीण — माझ्याआधी गेली! लिहवत नाही.

३ फेब्रुवारी
लबीबने निधनाची सूचना पेपरात दिली, शिवाय घराण्याच्या फेसबुक पानावरही टाकली. भाऊ म्हणून हे काम त्याचंच. घरातली रीतच ती — कुणाचा जावई कुठे इंजिनियर, कॅनडातला भाचा दातांचा डॉक्टर. मयत बाई एका ओळीत, हुद्दे वीस ओळींत! आणि मधोमध — ‘कन्या डॉ. दमियाना, औषधालय-प्रमुख, इस्माइलिया’. औषधालयाच्या नावासकट!

फोनवर ओरडलेच. “अरे, ती पोर राऊफपासून लपून राहतेय ना?”

“आईच्या सूचनेत एकुलत्या एका मुलीचं नाव नाही? आणि नुसतं नाव घातलं तर वाटेल घरी बसलीय. लोक काय म्हणतील, मार्सेल?”

नवऱ्याने, राऊफने, तिची बरगडी मोडली होती. आमचं चर्च घटस्फोट देत नाही, म्हणून ती नुसतीच निघून गेली. लोकांना याबद्दल काही म्हणायचं नव्हतं.

५ फेब्रुवारी
तिसऱ्या दिवसाची प्रार्थना. दमियाना आली नाही — मीच नको म्हटलं. आईला माती द्यायलाही नाही, प्रार्थनेलाही नाही.

तो मात्र आला! काळा टाय, रुमाल, सगळा सरंजाम. दुखवट्याची कडू कॉफी दोनदा मागून घेतली. वर मला मावशी म्हणून हाक — “तांत मार्सेल, तुमची जीभ अजून तशीच आहे.” म्हटलं, “तुझा हातही तसाच असेल.” लबीब त्याला खांद्याला धरून बाल्कनीत घेऊन गेला. बराच वेळ.

१० फेब्रुवारी
मेल्याने टाकलंच. इस्माइलियाकरांच्या कुठल्याशा मोठ्या ग्रुपवर. फोटो, फोन नंबर, इमारत, मजला, दाराचा क्रमांक. ‘माझी बायको. सोनं घेऊन पळाली. भेटली तर सांगा, घरी जा म्हणावं.’ सांगायला हजारो तयार! कालपासून तिचा फोन थांबत नाही. दाराची बेल वाजवून माणसं पळतात. एकजण औषधालयात टूथपेस्ट मागत उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. मालक म्हणाले, “डॉक्टर, थोडे दिवस घरी राहा.”

कुठल्या घरी?

१३ फेब्रुवारी
पहाटेच्या बसने इस्माइलिया. तिला घेऊन पोलिसांत गेले. तिथला तरुण अधिकारी सिगारेट विझवत म्हणतो, “मादाम, नवऱ्याने बायकोचा पत्ता सांगितला. यात परकं कोण आहे?”

“संमतीशिवाय कुणाची खासगी माहिती नेटवर टाकली तर गुन्हा, किमान सहा महिने कैद नाहीतर जबर दंड — असं तुमच्याच कायद्यात आहे. ‘नवरे वगळून’ असं लिहिलेलं असेल तर दाखवा. मला वाचता येतं.”

लिहून घेतलं. दमियानाने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता. बाहेर आल्यावर म्हणाली, “तांत, माझं कुणीतरी लिहून घेतलं. पहिल्यांदाच.”

राहायला मैत्रिणीकडे गेली आहे.

१९ फेब्रुवारी
राऊफचा वकील म्हणे — ‘कुटुंबानेच सगळं जाहीर केलं होतं, आमच्या अशिलाने फक्त पुन्हा सांगितलं.’ आमची सूचना छापून फायलीत लावली आहे. ऑदेतचं नाव त्या माणसाच्या कागदांत!

पण सूचनेत औषधालय होतं. घर नव्हतं, फोन नव्हता. ते तिने तिघांनाच दिलं होतं. ऑदेत मातीत आहे. राहिले मी आणि लबीब.

२० फेब्रुवारी
लबीबकडे गेले. वर बघेना.

“राऊफ रडत होता गं बाल्कनीत. म्हणाला, चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी तिची समजूत काढतो, सासूबाईंच्या आत्म्याला बरं वाटेल. मी लिहून दिलं. मला काय ठाऊक गावभर करेल!”

“मग एवढंच सरकारी वकिलासमोर सांग. त्याने सूचनेतून घेतलं नाही, तुझ्याकडून घेतलं, गुपचूप. त्याचा बचावच कोसळेल.”

“या वयात? सगळ्या चर्चला कळू दे, लबीब भाचीचा पत्ता वाटतो म्हणून?”

त्याची बायको इवोन आतून — “घरातलं घरात ठेवा, मार्सेल. तुम्हाला काय, तुम्हाला संसार नाही!”

सगळी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. गुप्त नंबर मंत्र्याच्या बायकोलाही दिला नाही, शिव्या खाल्ल्या. आणि माझा भाऊ कडू कॉफीवर देऊन मोकळा होतो!

२१ फेब्रुवारी
त्याला फोन केला. उचलला नाही. परत केला. इवोनने कट केला.

२२ फेब्रुवारी
एकटीच इस्माइलियाला गेले. सरकारी वकिलाच्या कारकुनाने विचारलं, “भावाचं पूर्ण नाव?” नाव सांगितलं. वडिलांचं, आजोबांचं. वडिलांचं नाव दोनदा सांगावं लागलं — ते माझेही वडील. कारकुनाने पाण्याचा ग्लास सरकवला. “आता केस उभी राहील, मादाम.”

दमियानाला कळवलं नाही. राऊफ आत गेला की सांगेन. तिला आधीच खूप आहे.

२६ फेब्रुवारी
लबीबला आज सरकारी वकिलाकडे बोलावलं होतं. सकाळपासून बाहेरच्या बाकावर, खाल्ल्याशिवाय, त्या साखरेच्या आजारात. दुपारी बाकावरून कोसळला. इवोन फोनवर किंचाळत होती, “तुम्ही मारणार त्याला!” आता शुद्धीवर आहे. इस्पितळात मला आत सोडलं नाही. मी जिन्यात बसून राहिले.

इवोनने दमियानालाही फोन केला होता म्हणे. ती पोर इस्पितळात धावत आली आणि माझ्या समोरूनच आत गेली. थांबली नाही.

२८ फेब्रुवारी
दमियानाने तक्रार मागे घेतली. फोनवर रडत नव्हती. “मामांना पुन्हा त्या बाकावर बसवू शकत नाही, तांत. राऊफ मोकळा झाला. मी आता कुठे जाते ते कुणालाच सांगणार नाही, तुम्हालाही नाही. तुम्ही मामांचं नाव घ्यायच्या आधी मला विचारायचं होतंत.”

विचारलं नव्हतं.